डोंगरावरील प्रवचन पाळायला शिकणे: दोघांसाठी पंधरा आठवड्यांचा क्रम

ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, वागळे इस्टेट या भागांतल्या आपल्या मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्यानंतर शिष्यत्वाचे धडे देतात. बहुधा एक छापील पुस्तिका असते, तिच्यात रिकाम्या जागा असतात, उत्तर सापडावे म्हणून वचनाचा संदर्भही शेजारीच छापलेला असतो, आणि दहा-बारा रविवारांत ती भरून झाली की शिष्यत्व पुरे झाले असे सगळेच धरून चालतात. घरी मात्र त्या माणसाचा सख्ख्या भावाशी अबोला तसाच असतो आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईचा पगार पंधरवडाभर थकलेला असतो. मत्तय २८:२० मध्ये येशूने जे काही आज्ञापिले ते सर्व लोकांना ‘पाळण्यास’ शिकवा असे सांगितले आहे. आपल्याकडे मधला तेवढा एक शब्द गळतो आणि बाकीचे सगळे मनापासून शिकवले जाते.

पुढे दिलेला क्रम एक अनुभवी विश्वासणारा (पुढे त्याला ‘ज्येष्ठ’ म्हटले आहे) आणि एक नवा विश्वासणारा अशा दोघांसाठी आहे. आधार फक्त येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा, म्हणजे मत्तय ५ ते ७ या तीन अध्यायांतल्या १११ ओव्यांचा. यात चुका वचन न समजल्याने फार थोड्या होतात. बहुतेक चुका तयारी आणि क्रम यांत होतात, म्हणून तिथे अधिक जागा दिली आहे.

पूर्वतयारी

पहिला प्रश्न जोडी कोणाची करावी हा आहे. पुरुषाने पुरुषाबरोबर आणि स्त्रीने स्त्रीबरोबर बसावे. सासू-सून, साहेब आणि त्याच्या हाताखालचा माणूस, घरमालक आणि भाडेकरू अशा जोड्या करू नयेत, कारण जिथे एकाची भाकरी दुसऱ्याच्या हातात आहे तिथे खरे बोलणे होत नाही. दोघांमध्ये उसनवारी असेल तर ती आधी फेडावी आणि पंधरा आठवड्यांत नवी करू नये. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, या भेटींची कल्पना द्यावी, मात्र भेटीत काय बोलले जाते ते त्यांनाही कळवले जाणार नाही, हे तिघांच्या समक्ष ठरवून घ्यावे. नवा विश्वासणारा अठरा वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची संमती घ्यावी आणि घरातले कोणी वावरत असतानाच बसावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. रविवारी उपासना संपल्यावर बसू या, असे सगळे म्हणतात आणि तिसऱ्या रविवारी ते बंद पडते, कारण तेव्हा पोटात भूक असते, मुले घरी जायची घाई करतात आणि गायकवर्गाचा सरावही त्याच वेळी असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळी आठवड्याला बदलते, इस्पितळातल्या परिचारिकेला रात्रपाळी लागते आणि बाजार समितीत काम करणाऱ्याचा दिवस इतरांच्या झोपेतच सुरू होतो. म्हणून ‘दर मंगळवारी आठ वाजता’ असे न ठरवता महिन्याचे ड्यूटीचे वेळापत्रक हाती आले की चारही भेटींच्या तारखा एकदम लिहून काढाव्यात. एका भेटीला सव्वा तास पुरतो. दीड तासापुढे गप्पा होतात.

जागा घरातलीच बरी. स्वयंपाकघरातले टेबल किंवा खाली अंथरलेली चटई चालते. घर एका खोलीचे असेल तर सोसायटीच्या बागेतला बाकही चालेल. लोकलमधून जाता जाता उरकण्याचा प्रयत्न करू नये. ठाणे-वाशी गाडीच्या गर्दीत कोणी आपला राग कबूल केल्याचे मी अजून पाहिलेले नाही. दोघांकडे पवित्र शास्त्राची एकच आवृत्ती आणि शंभर पानी एकेक वही असावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, त्यात शास्त्र वाचत असलात तरी.

तिसरी तयारी सर्वांत जास्त टाळली जाते. पहिल्या भेटीआधीचे सात दिवस नव्या विश्वासणाऱ्याने वहीच्या मधल्या दोन पानांवर आपला वेळ आणि पैसा कुठे गेला ते लिहावे. जेवण, प्रवास, मोबाइल, झोप, भिशी, हप्ता, गावाला पाठवलेले पैसे, सगळे जसेच्या तसे लिहावे. काहीही सुधारू नये. देवाचे राज्य यायचे आहे ते याच दोन पानांवर. ही पाने नसली की पुढची प्रत्येक आज्ञा हवेत तरंगते. ज्येष्ठानेही तीच पाने स्वतःची भरावीत आणि पहिल्या दिवशी आधी आपली दाखवावीत.

> सुरुवातीआधी तपासा: चार तारखा लिहिल्या आहेत का? घरच्यांना माहीत आहे का? पाने भरली आहेत का? आणि लूक १४:२८ मधल्या बुरूज बांधणाऱ्याप्रमाणे नव्या माणसाने खर्चाचा हिशेब केला आहे का? त्याला सगळा क्रम समजावून सांगावा आणि होकार देण्याआधी एक आठवडा विचार करू द्यावा. उत्साहात तिथल्या तिथे दिलेला होकार स्वीकारू नये.

टप्पा १: राजा कोण ते आधी (आठवडे १ व २)

पहिल्या भेटीत मार्क १:१४-१५, म्हणजे देवाचे राज्य जवळ आले आहे ही येशूची घोषणा, वाचावी आणि नंतर मत्तयाचे तीनही अध्याय एका बैठकीत, आळीपाळीने, मोठ्याने वाचावेत. मध्ये थांबून स्पष्टीकरण देऊ नये. वाचून झाल्यावर एवढेच विचारावे की, हे बोलणारा स्वतःला कोण समजत असला पाहिजे.

‘राज्य’ या शब्दाने इथे दोन घोटाळे होतात. एक म्हणजे, मत्तयाने बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ म्हटल्यामुळे ते मेल्यानंतर जाण्याचे ठिकाण वाटते. मार्क आणि लूक त्याच गोष्टीला ‘देवाचे राज्य’ म्हणतात, आणि अर्थ देवाची सत्ता चालणे असा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ याच्या लगेच पुढे स्वर्गातल्याप्रमाणे पृथ्वीवरही त्याच्या इच्छेप्रमाणे होण्याची मागणी येते. दुसरा घोटाळा म्हणजे, राज्य म्हणजे आपल्या मंडळीचे सभासद वाढणे असे धरणे.

दुसऱ्या आठवड्यात मत्तय ५:१-१६ घ्यावे. धन्यतेच्या वचनांतून (‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ अशा सुरुवातीच्या वाक्यांतून) कामे काढू नयेत. ‘या आठवड्यात मी आत्म्याने दीन होईन’ असे वहीत लिहिलेले दिसले की ते प्रेमाने खोडावे. ती आज्ञा नव्हे, ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांना राजाने दिलेली घोषणा आहे. निर्गम २० मध्येही दहा आज्ञांच्या आधी, मी तुला दास्यातून बाहेर आणले, हे वाक्य येते. हा क्रम उलटला की पुढचे तेरा आठवडे गुणपत्रिका होतात. माणूस एक तर फुगतो किंवा चौथ्या आठवड्यात यायचा थांबतो.

> सावधान: या दोन आठवड्यांत कोणतीही आज्ञा पाळायला द्यायची नाही. ज्येष्ठाला हे नव्यापेक्षा जास्त जड जाते.

टप्पा २: भेटीचा क्रम

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक भेट एकाच क्रमाने व्हावी. आधी छोटी प्रार्थना. मग मागच्या आठवड्यात ठरवलेल्या गोष्टीचे काय झाले ते, ज्येष्ठाने आधी आणि नव्याने नंतर, सांगावे. याला वीस मिनिटे द्यावीत. त्यानंतर आजचा उतारा दोनदा वाचावा आणि त्यात राजा काय सांगतो, तो तसे का सांगू शकतो आणि माझ्या दोन पानांवर ते कुठे लागू पडते, एवढे तीनच प्रश्न घ्यावेत. मग पुढच्या सात दिवसांसाठी एकच गोष्ट लिहावी आणि शेवटी प्रार्थना करावी.

हमखास होणारी चूक म्हणजे मागच्या आठवड्याचे सांगणे शेवटी ठेवणे. उताऱ्यावर बोलता बोलता वेळ संपतो, ‘बरं, मागचं जमलं का?’ असे चपला घालताना विचारले जाते आणि ‘हो, बऱ्यापैकी’ असे उत्तर मिळते. मीच पहिली दोन वर्षे असे करत होतो आणि पाळण्याचे काम इतके छान चालले आहे म्हणून समाधानी होतो.

दुसरी चूक विद्वत्तेची आहे. मूळ ग्रीक शब्द, टीकाग्रंथ, यूट्यूबवरचे प्रवचन यांना या सव्वा तासात जागा नाही. शंका आली तर ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पाळकांना विचारावी.

टप्पा ३: आज्ञा लहान करणे

सगळा क्रम या एका कौशल्यावर उभा आहे, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. एक तरुण रात्री साडेनऊला घरी यायचा आणि आल्याबरोबर वडिलांशी त्याची बाचाबाची व्हायची. मत्तय ५:२२ वाचून त्याने वहीत लिहिले, ‘बाबांवर रागावणार नाही.’ पुढच्या आठवड्यात तेच वाक्य, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच, तिसऱ्या वेळी खाली दोन रेघा ओढलेल्या. मी त्याला विचारले, भांडण नेमके कधी सुरू होते? तो बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत बसला आणि मग म्हणाला, “काका, बाबा दिवसभर एकटे असतात. मी आलो की बोलायला लागतात, आणि मी मोबाइल बघत ‘हं, हं’ करतो. मग ते मुद्दाम काहीतरी टोचून बोलतात.” त्या दिवशी आम्ही जुने वाक्य खोडून असे लिहिले: सोमवार ते शुक्रवार, घरी आल्यावर मोबाइल दप्तरातच ठेवून पहिली दहा मिनिटे बाबांच्या खुर्चीजवळ बसणार. पहिल्या आठवड्यात त्याला पाचपैकी तीन दिवस जमले. राग त्यानंतरही आलाच, पण तो कुठून येतो ते आता दोघांनाही दिसत होते.

ठरवलेल्या गोष्टीत वार, वेळ, जागा आणि माणूस हे चारही असावेत. ती सात दिवसांत होण्याजोगी असावी. दुसऱ्याने बदलायला हवे अशी अट तिच्यात नसावी. ‘जास्त प्रेम करणार’, ‘प्रार्थनेत वाढणार’ अशी वाक्ये सरळ परत करावीत. लूक ३:१०-१४ मध्ये लोक, जकातदार आणि शिपाई एकामागून एक येऊन ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात, तेव्हा बाप्तिस्मा करणारा योहान प्रत्येकाला त्याच्या कामाचेच उत्तर देतो: दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, जुलमाने पैसा काढू नका आणि पगारात तृप्त राहा. वहीतले वाक्य इतके साधे झाले पाहिजे.

> तपासा: आठव्या दिवशी ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ असे एका शब्दात उत्तर देता येईल का? येत नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा ४: राग, समेट आणि खरे बोलणे (आठवडे ३ ते ७)

तिसरा आठवडा मत्तय ५:१७-२६ चा आहे आणि चौथ्या आठवड्यात त्यातल्याच २३ ते २६ या ओव्या पुन्हा घ्याव्यात, कारण हे एका आठवड्यात होत नाही. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जा, असे तिथे म्हटले आहे. ‘भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे’ हे शब्द नीट वाचावेत. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध जे आहे त्याची यादी इथे मागितलेली नाही.

जाण्याआधी आपली चूक दोन वाक्यांत लिहावी आणि त्यात ‘पण’ आला तर तो काढावा. व्हॉट्सॲपवर क्षमा मागू नये. निळ्या दोन खुणांकडे पाहत बसण्यात समेट नाही. जाताना वकिलासारखा तिसरा माणूस बरोबर नेऊ नये. एका गृहस्थांचे गावच्या घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी सहा वर्षे बोलणे नव्हते. ते खोपटहून रात्रीची एसटी पकडून सकाळी गावी पोहोचले. भावाने चहा दिला, पण तो वर्तमानपत्रातून डोके काढेना. दोन वाक्ये बोलून हे परत आले आणि आज्ञा फसली असे मला सांगू लागले. ती फसली नव्हती. जाणे त्यांच्याकडे होते आणि ते झाले होते. भावाचा फोन आला तो चार महिन्यांनी, तोही सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी, आणि बोलणे तिथून सुरू झाले.

> सावधान: घरात मारहाण, छळ किंवा मुलांवर अत्याचार होत असेल तर ‘क्षमा कर आणि परत जा’ हा सल्ला देणे पाप आहे. तिथे हा क्रम थांबवावा. त्या व्यक्तीला आधी सुरक्षित जागी पोहोचवावे. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. पाळकांना सांगून प्रकरण मंडळीत ‘मिटवणे’ हा मार्ग नव्हे. गुप्ततेचे वचनही इथे लागू होत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

पाचव्या आठवड्यातला उतारा (५:२७-३२) कामवासना आणि सूटपत्र यांविषयी आहे. इथे कमी बोलावे. डोळा उपटून टाकण्याच्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ बहुधा मोबाइल रात्री कोणत्या खोलीत चार्जिंगला लावायचा इतका जवळचा असतो. घटस्फोटित किंवा विभक्त व्यक्तीसमोर ज्येष्ठाने या ओव्यांवर निवाडा देऊ नये. ते काम पाळकांचे आहे.

सहाव्या आठवड्यात होय ते होय आणि नाही ते नाही. खोटे बोलतो का, असे विचारू नये. कोणीच हो म्हणत नाही. त्याऐवजी दोन पानांकडे जावे. रजेसाठी आणलेले आजारपणाचे प्रमाणपत्र खरे होते का? सेकंड क्लासच्या पासावर रात्री रिकाम्या फर्स्ट क्लासच्या डब्यात बसतो का? गाडी अजून घणसोलीला असताना फोनवर ‘ठाण्याला उतरलोच’ असे सांगतो का? हसू येते, पण या आठवड्यात लोकांना सर्वांत जास्त घाम फुटतो. सातव्या आठवड्यात सूड आणि वैरी यांविषयीचा भाग घ्यावा, आणि वैरी म्हणून परदेशातला कोणी न निवडता पार्किंगच्या जागेवरून भांडणारा शेजारी निवडावा.

टप्पा ५: गुप्त ठेवण्याच्या तीन गोष्टी (आठवडे ८ ते १०)

इथे आपली पद्धत वचनाशीच अडखळते आणि बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही. मत्तय ६:१-१८ मध्ये दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी लोकांना दिसाव्यात म्हणून करू नका असे सांगितले आहे. मग दर आठवड्याला वहीतून त्यांचा अहवाल देणे म्हणजे डाव्या हाताला उजव्याचे सांगणेच झाले. म्हणून या तीन आठवड्यांत वही मिटून ठेवावी. किती दिले, कोणाला दिले, किती वेळ गुडघे टेकले, काहीही विचारू नये. फक्त ‘पित्याशी बोलणे झाले का?’ एवढे विचारावे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ यावर थांबावे.

‘खोलीत जा, दार लावून घे’ हे ६:६ मधले वाक्य एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरात कसे पाळायचे, हा प्रश्न रास्त आहे. लोकमान्य नगरातल्या एका बाईंनी गच्चीच्या जिन्याची शेवटची पायरी ठरवली होती. सकाळी पाणी येण्याआधी पंधरा मिनिटे. दार म्हणजे लाकूडच हवे असे नाही, पण जागा आणि वेळ मात्र ठरलेली हवी. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्नाचा उपास करू नये.

टप्पा ६: पैसा, चिंता आणि दुसऱ्याचे कुसळ (आठवडे ११ ते १४)

पुन्हा वही उघडावी. ६:१९-२४ वाचल्यावर उत्साही माणूस थेट दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, वाढवण्याचे ठरवतो. माझ्या मते क्रम वेगळा हवा. आधी दुसऱ्याचे जे आपल्याकडे अडकले आहे ते द्यावे: कामवालीचा पगार, मित्राचे उसने, सोसायटीचा थकलेला मेन्टेनन्स. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये असे लेवीय १९:१३ मध्ये आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे याकोब ५:४ म्हणतो. लूक १९ मधला जक्कय हा जकातदारसुद्धा अर्धी मालमत्ता गरिबांना देतानाच फसवलेल्यांना चौपट परत देण्याची भाषा बोलतो. देणी बाकी ठेवून वाढवलेले अर्पण दुसऱ्याच्या खिशातून जाते.

चिंतेच्या आठवड्यात (६:२५-३४) ‘चिंता करू नकोस’ असे ज्येष्ठाने स्वतःच्या तोंडाने म्हणू नये. हप्ते आणि देणी तारखांसह एका कागदावर लिहावीत, उद्याची कोणती आणि आजची कोणती ते वेगळे करावे आणि आजचे तेवढे एक काम ठरवावे. कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांचे धमकीचे फोन येत असतील तर प्रार्थनेबरोबरच पोलिसांत तक्रारही करावी. झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा आणि तो लागेपर्यंत शेजारी बसून राहावे. तो अविश्वास आहे असे म्हणू नये.

तेराव्या आठवड्यातला कुसळ आणि मुसळ यांचा उतारा मुख्यतः ज्येष्ठासाठी आहे. त्या दिवशी नव्या विश्वासणाऱ्याने विचारावे आणि ज्येष्ठाने ऐकावे: गेल्या बारा आठवड्यांत माझे कोणते बोलणे तुम्हाला लागले? चौदावा आठवडा (७:७-२३) बहुधा सरळ पार पडतो.

> ठरवलेले जमले नाही तर: तीच गोष्ट आणखी एकदाच द्यावी. दुसऱ्यांदाही जमली नाही तर माणसाला नव्हे, वाक्याला दोष द्यावा आणि ते निम्मे करावे. दंड, उठाबशा, ग्रुपवर नाव असले प्रकार नकोत. क्षमेची प्रार्थना त्याच भेटीत करावी. पुढच्या रविवारच्या प्रभुभोजनापर्यंत ती ताटकळत ठेवू नये.

टप्पा ७: पंधरावा आठवडा

मत्तय ७:२४-२९ वाचावे. त्यात खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दाखला आहे. ऐकणारे दोघेही आहेत, घर दोघांनीही बांधले आहे, पाऊस आणि पूर दोघांनाही लागला आहे; फरक वागण्याचा आहे. या भेटीच्या आधीच्या आठवड्यात दोघांनीही वेळेची आणि पैशाची दोन पाने नव्याने भरावीत आणि ती जुन्या पानांशेजारी ठेवावीत. जे बदलले नाही तेही मोठ्याने वाचावे.

प्रमाणपत्र देऊ नये, मंडळीपुढे उभे करून साक्ष द्यायला लावू नये. महिनाभर भेटी बंद ठेवाव्यात. ठरवून देणारे कोणी नसताना काय टिकते ते त्या महिन्यात दिसते. नंतर २ तीमथ्य २:२ प्रमाणे त्याने स्वतः दुसऱ्या कोणाबरोबर बसायचे ठरवले, तर त्याच्या पहिल्या दोन भेटींना ज्येष्ठाने जावे आणि तिथे गप्प बसावे.

नव्या विश्वासणाऱ्याची वही त्याच्याकडेच राहते. ज्येष्ठाने आपल्या वहीत त्याच्याविषयी जे काही लिहिले असेल ती पाने शेवटच्या भेटीत त्याच्या देखत फाडून त्याच्या हातात द्यावीत.